काकींच्या बाजूची खोली

आमच्या नव्या घरात मला जी खोली मिळाली आहे, तिला एकच खिडकी आहे आणि ती मी शक्यतो बंद ठेवते. खिडकीखाली काकींचं अंगण आहे. ते इतकं खाली आहे की खिडकी उघडली की मला आधी त्यांच्या घराचे पत्रे दिसतात, आणि माझ्याशी बोलायला काकींना मान वर करावी लागते. आधी असं नव्हतं. आधी दोन्ही घरांची जोती सारखी होती. आमच्या स्वयंपाकघरातलं बोलणं त्यांच्या पडवीत ऐकू जायचं आणि त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आई मोजायची. "वहिनी, झाल्या तीन, बंद करा," असं इथूनच ओरडायची.

काकी म्हणजे बाबांच्या चुलत भावाची बायको. काका जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा टेम्पो चालवतो. आम्ही बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत राहतो, नदीपासून फार लांब नाही. आता इकडे सगळीकडे सोसायट्या झाल्या आहेत, पण आमची दोन घरं जुन्या वस्तीतली आहेत. आजोबा आणि त्यांचे भाऊ वेगळे झाले तेव्हा त्यांनी वाटणी तोंडीच केली. मधे एक चर सोडला. रस्त्याकडचं पाणी त्या चरातून दोन्ही घरांच्या मधून मागच्या शेताडीत जायचं आणि तिथून नदीला. चर कोणाच्या हिश्शातला, हे विचारायची वेळ कधी आली नाही.

दर वर्षी मिरगाच्या आधीच्या रविवारी आम्ही तो चर काढायचो. म्हणजे त्यातला गाळ उपसायचो. बाबा रस्त्याच्या टोकाकडून सुरुवात करायचे, काकी मागच्या टोकाकडून, आणि मधे कुठेतरी दोघांची फावडी भेटायची. कोणी जास्त काढला यावरून दर वर्षी वाद.

"भाऊजी, कंपनीत खुर्चीवर बसून बसून हात गेले तुमचे," काकी म्हणायच्या.

"वहिनी, गाळ सगळा तुमच्या बाजूचाच आहे."

"माझ्या बाजूचा? तुमच्या घरच्या चहाच्या चोथ्याचा हाय तो. वास घेऊन बघा."

बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात मशीनवर उभे असतात. त्यांना खुर्ची कधी मिळालीच नाही, आणि काकींना ते माहीत होतं. म्हणूनच तो विनोद दर वर्षी व्हायचा. मी आणि आई घमेली वाहायचो. निम्मा गाळ काकींच्या दुधीच्या वेलाला, निम्मा आमच्या अळूला. मग काकींच्या ओट्यावर बसून सगळ्यांनी भाकरी आणि सुकट खायची. भाकऱ्या आमच्या, सुकट त्यांची. मला वाटायचं सगळ्या घरांमधे असंच असतं. कॉलेजात मैत्रिणींना सांगितलं तर त्या हसल्या. त्यांच्याकडे गटार साफ करायला नगरपरिषदेची माणसं येतात.

मी बारावीत होते त्या पावसात नदीचं पाणी आमच्या घरात कमरेएवढं आलं. माझी पुस्तकं पलंगाखालच्या पेटीत होती. पेटी उघडली तेव्हा पानं एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झाला होता. बाबांनी ती उन्हात पसरली, एकेक पान बोटांनी सुटं करत बसले. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, त्यामुळे पानं उलटसुलट लागत होती. मी म्हटलं, बाबा राहू दे. ते पुढचं पान सोडवायला लागले. पण घर वर उचलून बांधायचं, हे त्यांनी त्या दिवशी ठरवलं असं आई सांगते. वर म्हणजे पाण्याच्या वर. आणि त्यात पोरीला अभ्यासाला स्वतंत्र खोली.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे घराच्या कागदांचं काम आपोआप माझ्याकडे आलं. बाबा कामावरून आले की प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढायचे आणि म्हणायचे, "बघ गं, काय म्हणतात." मी कॉमर्सला आहे. मलाही अर्धंच कळायचं. पण "कळलं नाही" म्हणायची लाज वाटायची. मग मी मोबाइलवर शोधायची, कॉलेजातल्या सरांना विचारायची आणि आत्मविश्वासाने सांगायची. बांधकामाच्या परवानगीसाठी हद्द नक्की केलेली लागते, म्हणून सरकारी मोजणी करून घ्यायची, हे मीच सांगितलं.

मोजणीवाले आले तेव्हा सगळी आळी जमली. तिपाईवर यंत्र लावून त्यांनी इकडून तिकडे बघितलं, जुना नकाशा पसरला आणि खुणेचा दगड पुरायला जागा दाखवली. ती जागा चराच्या पलीकडे होती. काकींच्या धुण्याच्या दगडाला लागून. म्हणजे सगळा चर आमच्या हद्दीत.

काकी तेव्हा त्या माणसांसाठी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. दगडाकडे बघून म्हणाल्या, "म्हंजे चर तुमचा निघाला की वो भाऊजी."

बाबा ओशाळले. "कागदावर काय, वहिनी."

"नाय, बरा झाला. आता गाळ पण तुम्हीच काढा सगळा." आणि त्या हसल्या. सगळे हसले. मीही.

नकाशा काढून देणाऱ्याने घराचा आराखडा आणला तो महिन्याभराने. त्यात माझी खोली काकींच्या बाजूला होती. आई-बाबा आणि मी स्वयंपाकघरात जमिनीवर तो कागद पसरून बसलो होतो. बाबांनी बोट ठेवलं.

"ही खोली चरावर येते."

"मग नको," आई म्हणाली. "हॉलमधे कपाटाचा आडोसा करू. आतापर्यंत नाही केला अभ्यास?"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना खोली द्यायची होती आणि चर बुजवायचा नव्हता, हे मला दिसत होतं. मी आईला हो म्हटलं असतं तर विषय तिथंच संपला असता. हॉलमधे कपाटाच्या आडोशाला मला खरंच काही अडचण आली नसती. पण त्या कागदावर इंग्रजीत छापलं होतं, 'स्टडी'. तो शब्द आमच्या घरात कोणासाठी तरी पहिल्यांदाच छापला गेला होता.

मी म्हटलं, "पण बाबा, आपल्याच हद्दीत आहे ना."

एवढंच. बाबांचा चेहरा सैल झाला, जणू कोणीतरी शिकलेल्या माणसाने त्यांना मोकळीक दिली. त्यांनी कागदाची घडी केली.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः काकींना सांगायला गेले. काकींनी एकच विचारलं, "पाणी कुठनं जाईल?"

"पाइप टाकतो, वहिनी. जोत्याखालून आरपार."

"मग झाला," काकी म्हणाल्या.

जोतं किती उंच घ्यायचं, याचं आमच्या भागात एक ठरलेलं गणित आहे. जो नवं घर बांधतो तो आधी शेजारची घरं बघतो. सगळ्यांत नवं घर जेवढं उंच, त्याच्यावर एक वीट. दर पुरानंतर कोणीतरी बांधतं आणि आधीच्यापेक्षा एक वीट वर जातं. असं करत करत मांजर्लीतली नवी घरं पायऱ्यांवर पायऱ्या चढून गेली आहेत आणि जुनी घरं त्यांच्या मधे खड्ड्यात बसल्यासारखी दिसतात. यात कोणाला काही वाईट वाटत नाही. पाण्यापासून वाचायचं तर दुसरं काय करणार? आमच्या मिस्त्रीने विचारलं, "शेठ, कितना उठाऊँ?" बाबांनी कोपऱ्यावरच्या नव्या घराकडे बोट दाखवलं आणि एका विटेची खूण केली. मिस्त्रीने पुढचं विचारलंच नाही.

भरावाचे डंपर येत राहिले. मुरूम, दगड, कुठल्यातरी पाडलेल्या इमारतीचं डबर. चर बुजला तेव्हा मी कॉलेजात होते. पाइप टाकला होता. चार इंची. परवानगीच्या नियमाप्रमाणे हद्दीपासून तीन फूट जागाही मोकळी सोडली होती. पण ती जागा भरावाने घराबरोबर वर आली आणि तिच्यात संडासाची टाकी बसली. कागदावर ती मोकळी होती. पाण्याला ती बंद होती. हा फरक मला तेव्हा कळला नाही.

खोलीसाठी लाद्या घ्यायला आम्ही उल्हासनगरला गेलो. दुकानदार सिंधी काका होते. बाबांनी त्यांना न विचारता सांगितलं, "मुलीच्या स्टडीसाठी पाहिजे."

"अरे वा, बेटी पढ़ती है? फिर लाइट कलर लो. आँख को आराम." त्यांनी पाच-सहा लाद्या काढून भिंतीला टेकवल्या. "डार्क लोगे तो बोलेगी, पप्पा ने रूम नहीं, गोडाऊन दिया."

बाबा परतीच्या वाटेवर दोनदा ते वाक्य आठवून हसले.

त्या वर्षी मिरगाच्या आधीचा रविवार आला तेव्हा काढायला चर नव्हता. बाबांनी एक बादली पाणी पाइपात ओतलं. मागच्या बाजूने ते आलं. काकी तिकडे उभ्या राहून म्हणाल्या, "आला, आला." मग बाबांनी बादली आत नेऊन ठेवली. भाकरीचं कोणी काढलं नाही. काकींनी सुकट भाजली होती, हे मला वासावरून कळलं.

पूर आला तो श्रावणात, सकाळी. रस्त्यावर पाणी चढायला लागल्यावर आळीतले लोक आमच्याकडे वर यायला लागले. काकींच्या मुलाने टेम्पो आधीच पुलापलीकडे नेऊन लावला होता. आम्ही सगळ्यांनी मिळून काकींची शेगडी, धान्याचे डबे, गाद्या वर आणल्या. सामान ठेवायला मोकळी जागा माझ्याच खोलीत होती. काकी दारापाशी थांबल्या आणि खाली वाकून साडीच्या टोकाने पाय पुसायला लागल्या.

"काकी, राहू दे, या ना आत."

"नवी लादी हाय गो बाय. चिखल लागंल."

त्या आत आल्या. माझ्या टेबलावरून हात फिरवला. खिडकीपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "खोली छान हवेशीर हाय तुझी."

पाणी त्यांच्या घरात गेलं. ते आधीही जायचं. पूर सगळ्यांनाच येतो, त्यात नवीन काही नव्हतं. नवीन होतं ते दुपारनंतर. नदी उतरायला लागली. रस्ता उघडा पडला, समोरच्या घरातली बाई झाडू घेऊन चिखल ढकलायला लागली, लोक आपापल्या घरी परतले. आणि काकींच्या अंगणात पाणी तसंच. आमच्या भिंतीला लागून, वाटीत ठेवल्यासारखं. पूर्वी असं पाणी घटकाभरात चरातून निघून जायचं. आता त्याला फक्त तो चार इंची पाइप होता, आणि त्याच्या तोंडाशी पिशव्या आणि पालापाचोळा अडकून तो केव्हाच बंद झाला होता.

मी आणि काकी खिडकीत उभ्या होतो. खाली बाबा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून लांब बांबूने पाइपाच्या तोंडाशी ढोसत होते. काकींचा मुलगा मागच्या बाजूने ढोसत होता. दोघे एकमेकांना ओरडून विचारत होते, आला का, आला का. पूर्वी चर काढताना दोन टोकांकडून यायचे तसेच, पण मधे आता आमचं घर होतं.

मी काकींकडे बघू शकत नव्हते. वाटत होतं, त्यांनी एकदा काहीतरी म्हणावं. शिवी द्यावी. त्या म्हणाल्या, "भाऊजी, वर या आता. ताप यील." मग माझ्याकडे वळून, "त्यांना चहा ठेव गो."

पाणी तिसऱ्या दिवशी पंप लावून काढावं लागलं. तोपर्यंत काकींच्या मातीच्या भिंतीचा खालचा भाग फुगून सुटला होता. त्या माझ्या खोलीत झोपल्या, लादीवर चटई टाकून. मी पलंगावर झोपा म्हटलं तर ऐकेनात. "पलंगावर झोप येत नाय मला, पडंन मी," म्हणाल्या. मग मीही खाली झोपले.

त्यानंतर मी बाबांना म्हटलं, बाजूची तीन फूट जागा खणून परत चर करू. बाबांनी मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्रीने बघितलं आणि मान हलवली. टाकी तिथे आहे, आणि इतकं खाली खणलं तर पाया उघडा पडेल. पाइप मोठा टाकायचा तर खोलीची फरशी आणि एक भिंत फोडावी लागेल. "कॉलम भी हिलेगा, शेठ." बाबांनी वाकून एका लादीवर हात फिरवला. मी म्हटलं, फोडू. त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, पण थकलेल्या नजरेने. "हे आधी बोलायचं होतं," ते म्हणाले. ते मला म्हणाले की स्वतःला, मला कळलं नाही. 

आई रोज काकींकडे काहीतरी पाठवायला लागली. भाजी, आमटी, कधी नुसतं ताक. काकी भांडं रिकामं परत करत नाहीत. कधी दुधी, कधी चार मिरच्या, कधी मूठभर सुकट. आईने एकदा सुकटीचं भांडं हातात धरलं आणि ओट्याशी आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

दिवाळी झाली आणि काकी एका सकाळी आमच्या पायऱ्या चढून आल्या. म्हणाल्या, "आमचा पण वर घ्यायचा ठरवला. पोराला लोन मिळतंय. तू ये गो जरा, ते नळीने मोजतात ना, तुमच्या जोत्याची उंची घ्यायची हाय."

मला इतकं बरं वाटलं की मी चप्पल न घालताच खाली गेले. वाटलं, आता त्यांच्या घरात पाणी येणार नाही. सगळं सारखं होईल.

मिस्त्री लोक पातळी बघायला एक लांब पारदर्शक नळी वापरतात, पाण्याने भरलेली. एक टोक एकाने धरायचं, दुसरं दुसऱ्याने. दोन्हीकडचं पाणी थांबलं की ते एकाच पातळीत असतं. माझ्या हातात आमच्या जोत्याजवळचं टोक दिलं. काकींच्या मुलाने दुसरं टोक त्यांच्या मागच्या कोपऱ्यावर धरलं. तिथून पलीकडे उतारावर भाड्याच्या खोल्यांची एक रांग आहे. पत्र्याच्या, बसक्या. तिथे बाहेरून आलेली कामगार कुटुंबं राहतात. त्या आमच्या आणि काकींच्या घरापेक्षाही खाली आहेत. काकींच्या हातात खडू होता, त्या मधे उभ्या राहून दोन्हीकडे बघत होत्या.

तेव्हा मला ते दिसलं. काकींचं घर आणि अंगण भराव घालून वर आलं की रस्त्याचं पाणी काकींच्या अंगणात थांबणार नाही. ते तिकडे जाईल.

मी म्हटलं, "काकी, मागच्या बाजूला थोडा चर सोडा ना तुम्ही. नाहीतर पाणी सगळं त्या खोल्यांत जाईल."

काकींनी माझ्याकडे बघितलं. आवाज नेहमीसारखाच होता.

"आपल्याच हद्दीत हाय ना, बाय."

आमच्या जुन्या स्वयंपाकघरातलं बोलणं त्यांच्या पडवीत ऐकू जायचं. मी विसरले होते.

 मी वळून त्यांच्याकडे बघितलं तशी हातातली नळी हलली, पाणी वरखाली व्हायला लागलं. काकी म्हणाल्या, "धर नीट. हलवू नको." त्यांनी ते मायेनेच म्हटलं, आणि त्यामुळे आणखी कठीण झालं.

नळी मधे लोंबून दुमडत होती. त्या खोल्यांमधून एक बाई बाहेर आली, कडेवर लहान मूल. थोडा वेळ बघत राहिली. मग विचारलं, "क्या नाप रहे हो?"

"घर बांधतोय, भाभी. उंची घेतोय," काकींचा मुलगा म्हणाला.

"अच्छा है. बारिश में बहुत तकलीफ हुई थी आपको." तिने मूल खाली उभं केलं. "ये बीच में से मुड़ रहा है, रुको." ती पुढे आली, दुमडलेली नळी दोन्ही हातांनी वर उचलून सरळ धरली.

तिला सांगायला हवं होतं. शब्द माझ्याकडे होते, मराठीतही आणि हिंदीतही. मी काकींकडे बघितलं. काकी खडू घेऊन भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

नळीतलं पाणी हळूहळू स्थिर झालं. "थांबला?" काकींनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी लेकाच्या हातातल्या टोकाशी भिंतीवर रेघ ओढली आणि तिच्यावर एका विटेएवढी जागा मोजून आणखी एक रेघ ओढली.

मी त्या बाईला थँक यू म्हटलं. ती हसली आणि मुलाला उचलून घेतलं.